बिऱ्हाड हलवताना : शेवटाकडून सुरुवातीकडे

शिक्षकांना ‘बदली’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आदेश हाती पडतो आणि पुढच्या काही दिवसांत वर्षानुवर्षे जमवलेली भांडी, पुस्तके, गाद्या, कपाटे दुसऱ्या गावी न्यायची असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. माणसाचे बिऱ्हाड मात्र ट्रकमध्ये असते, आणि ते ट्रकमध्ये कोणत्या क्रमाने चढते यावर बरेच काही अवलंबून असते. हा धडा मी एका रात्रीत शिकलो.

२०१४ सालच्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरहून पुण्याला आलो. घरात आम्ही चौघे : आई, पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि मी. आईला मधुमेह आहे. सकाळी नाश्त्यापूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी तिला इन्सुलिन घ्यावे लागते. आमच्या तयारीत कसूर नव्हती. पंधरा दिवस आधी मी कामांची यादी केली होती आणि एकेक काम संपले की त्यापुढे खूण करीत होतो. निघण्याच्या सकाळी यादीतील प्रत्येक कामापुढे खूण होती. एकूण ६४ खोकी झाली होती.

संध्याकाळी सात वाजता पुण्यात सामान उतरले. आठ वाजता आईने औषधाचा डबा मागितला. सकाळी फ्रिज रिकामा करताना मदतीला आलेल्या कोणीतरी तो डबा ‘इतर’ असे लिहिलेल्या खोक्यात ठेवला होता आणि ‘इतर’ असे लिहिलेली अकरा खोकी होती. नवीन कुपी आणावी तर दुकानदाराला डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी फायलीत, फाईल कपाटात, आणि कपाटाच्या दारासमोर पुस्तकांच्या खोक्यांची छातीपर्यंत उंच भिंत. अखेर खालच्या मजल्यावरचे एक डॉक्टर मदतीला आले आणि साडेदहा वाजता आईला इन्सुलिन मिळाले. नंतर ती शांतपणे म्हणाली, “सामान सगळं आलं रे. फक्त लागतं तेवढंच आलं नाही.”

आम्ही कष्ट कमी केले नव्हते. मग चुकले काय? या प्रश्नाच्या उत्तरात गणिताच्या दोन शाखा दडलेल्या आहेत, आणि दोन्ही शाळेच्या वर्गात सहज नेता येतील अशा आहेत.

यादी म्हणजे योजना नव्हे

कामांची यादी आपल्याला ‘काय काय करायचे’ ते सांगते. ‘कोणते काम कोणत्या कामासाठी थांबले आहे’ हे ती सांगत नाही. घरमालकाशी करार झाल्याशिवाय किल्ली मिळत नाही. किल्ली नसेल तर सामान उतरवता येत नाही. खोकी नसतील तर बांधाबांध सुरू होत नाही. उलट, खोकी जमवणे आणि घर शोधणे ही कामे एकमेकांसाठी अडत नाहीत; ती एकाच वेळी चालू शकतात. यादीत मात्र सर्व कामे एकाखाली एक उभी असतात, जणू सारी सारख्याच तोलाची आहेत.

हाच प्रश्न १९५०च्या दशकात मोठ्या उद्योगांपुढे उभा होता. रासायनिक कारखाना उभारायचा किंवा दुरुस्तीसाठी बंद करायचा, तर शेकडो कामांचा मेळ बसवावा लागे. १९५७च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी यासाठी एक रीत तयार केली. ती ‘क्रिटिकल पाथ मेथड’ या नावाने ओळखली जाते. आपण तिला ‘कळीच्या मार्गाची रीत’ म्हणू. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ नावाची तिची जुळी बहीण जन्माला आली. क्षेपणास्त्रासाठी जी रीत वापरली तीच बिऱ्हाडासाठीही चालते. फरक फक्त कामांच्या संख्येचा.

बाणांचा नकाशा

२०२२च्या मे महिन्यात आमची पुन्हा बदली झाली. या वेळी पुण्याहून नागपूरला जायचे होते, म्हणजे सुमारे सातशे किलोमीटर. मुलगी आता बारा वर्षांची होती. यादी करण्याऐवजी आम्ही दोघांनी मिळून नकाशा केला. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. तीवर त्या कामाला लागणारे दिवस. आणि ‘याच्या आधी काय झाले पाहिजे?’ या प्रश्नाचे उत्तर.

१. नागपुरात घर ठरवणे – ७ दिवस. आधी काहीही नको.
२. भाडेकरार करून नोंदवणे – ९ दिवस. आधी १.
३. खोकी, सुतळी, रद्दी जमवणे – ४ दिवस. आधी काहीही नको.
४. रोज न लागणारे सामान बांधणे – ८ दिवस. आधी ३.
५. ट्रक ठरवणे – ३ दिवस. आधी १.
६. पुण्यातील गॅस परत करणे – १ दिवस. आधी ४.
७. स्वयंपाकघर व रोजचे सामान बांधणे – १ दिवस. आधी ६.
८. ट्रक भरणे, प्रवास, उतरवणे – २ दिवस. आधी २, ५ आणि ७.
९. नागपुरात गॅसजोडणी मिळणे – ४ दिवस. आधी ८.

शेवट कोणता हेही आधी ठरवले. मागच्या खेपेला ‘सामान उतरले’ हा आम्ही शेवट मानला होता आणि तेथेच फसलो होतो. या वेळी शेवट ठरला : नव्या घरात गॅस पेटून स्वयंपाक सुरू होणे.

दिवसांचे आकडे कोठून आणले? काही अनुभवावरून. भाडेकराराबाबत खात्री नव्हती. महाराष्ट्रात असा करार लेखी करून नोंदवणे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे. पण घरमालक, साक्षीदार, कागद आणि सवड यांचा मेळ कधी बसेल हे सांगता येत नाही. अशा वेळी पर्टमधील एक साधा नियम उपयोगी पडतो. सर्व सुरळीत झाले तर किती दिवस, बहुधा किती आणि फारच रखडले तर किती, असे तीन अंदाज घ्यावेत. मधल्या अंदाजाला चारने गुणून तिन्हींची बेरीज करावी आणि तिला सहाने भागावे. आमचे अंदाज ५, ८ आणि १७ होते. ५ + ३२ + १७ = ५४; भागिले ६, म्हणजे ९ दिवस. ‘बहुधा ८’ या अंदाजापेक्षा उत्तर मोठे आले, कारण काम लवकर होण्यापेक्षा रखडण्याला वाव जास्त होता.

कळीचा मार्ग

आता सर्व कामांचे दिवस एकत्र मिळवा. बेरीज ३९ येते. पण कामे समांतर चालू शकतात, म्हणून प्रत्यक्षात किती दिवस लागतील ते मोजू.

पहिल्या क्रमांकाचे काम सातव्या दिवशी संपेल. त्यावर करार ९ दिवसांचा, म्हणजे १६वा दिवस. ट्रक ठरेल १०व्या दिवशी. दुसरीकडे खोकी ४थ्या दिवशी, मोठी बांधाबांध १२व्या, गॅस परत १३व्या आणि स्वयंपाकघर १४व्या दिवशी आवरेल. आठवे काम तिघांसाठी थांबले आहे : १६, १० आणि १४. यांत जो सर्वांत उशिरा येतो त्याच्याबरोबरच ते सुरू होऊ शकते, म्हणजे १६व्या दिवसाअखेर. सामान १८व्या दिवशी उतरेल आणि गॅस २२व्या दिवशी पेटेल.

आता शेवटाकडून उलटे मोजत येऊ. २२व्या दिवशी गॅस हवा असेल तर सामान उशिरात उशिरा १८व्या दिवशी उतरले पाहिजे. म्हणजे करार, ट्रक आणि बांधाबांध ही तिन्ही १६व्या दिवसापर्यंत पुरी हवीत. ट्रक १०व्याच दिवशी ठरतो आहे, तेव्हा त्या कामाला ६ दिवसांची सवड आहे. बांधाबांधीच्या साखळीला २ दिवसांची सवड आहे. कराराला मात्र सवड शून्य. सवड शून्य असलेली कामे ओळीने जोडली की घर, करार, प्रवास, गॅस असा मार्ग मिळतो : ७ + ९ + २ + ४ = २२. हाच कळीचा मार्ग. तो नकाशातील सर्वांत लांब मार्ग असतो आणि तरीही काम पुरे होण्याचा कमीत कमी वेळ तोच ठरवतो. हे वाक्य विद्यार्थ्यांना प्रथम उलटे वाटते. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाची वाट पाहणारी सहल आठवायला सांगितली की पटते.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. घर बदलताना आपली सारी धावपळ बांधाबांधीवर होते, कारण ती डोळ्यांपुढे दिसते. पण आमच्या नकाशात तिला दोन दिवसांची सवड होती. दुप्पट माणसे लावून ती झपाट्याने उरकली असती तरी २२चे २१ झाले नसते. कराराचा कागद एक दिवस आधी झाला असता तर मात्र झाले असते.

पण यालाही मर्यादा आहे. करार ९ऐवजी ७ दिवसांत झाला तर शेवट २०व्या दिवशी येतो. ६ दिवसांत झाला तर? तरीही २०च. कारण आता करार १३व्या दिवशी संपतो, पण बांधाबांध १४व्या दिवशी संपते. कळीचा मार्ग सरकून दुसऱ्या साखळीवर गेलेला असतो. एकच काम पुन्हा पुन्हा घाईने करण्यात अर्थ नसतो तो यामुळे.

नको असलेला बाण

नकाशा भिंतीवर लावल्यावर दुसऱ्या दिवशी मुलीने विचारले, “बाबा, आठपासून नऊकडे हा बाण कशासाठी? गॅसच्या अर्जाला ट्रक कशाला पाहिजे?”

मी उत्तर देऊ लागलो आणि थांबलो. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून जे व्हाउचर मिळते ते, आणि नव्या पत्त्याचा पुरावा, एवढेच त्या अर्जाला हवे होते. व्हाउचर १३व्या दिवशी मिळणार होते, आणि नोंदवलेला करार, म्हणजेच पत्त्याचा पुरावा, १६व्या दिवशी. ट्रकशी त्या अर्जाचा काही संबंध नव्हता. ‘आधी घरात पोहोचायचे, मग गॅसचे बघायचे’ ही आमची केवळ सवय होती आणि सवयीचा आम्ही बाण काढला होता.

तो बाण पुसून २ आणि ६ पासून ९कडे बाण काढले. मी व्हाउचर घेऊन कराराच्या वेळी नागपुरात असलो, तर अर्ज त्याच दिवशी देता येणार होता. गॅस १६ + ४ म्हणजे २०व्या दिवशी. एकही काम घाईने न करता दोन दिवस वाचले. शिवाय आठवे काम, म्हणजे ट्रकचा प्रवास, कळीच्या मार्गावरून बाजूला झाला आणि त्याला दोन दिवसांची सवड मिळाली. या सवडीचे मोल पुढे कळले.

नकाशा तपासताना प्रत्येक बाणाला हा प्रश्न विचारायला हवा : हा बाण गरजेचा आहे की सवयीचा?

मुलांच्या शाळेचेही असेच आहे. दाखल्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करता येतो. तो सामानासाठी थांबलेला नसतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ५व्या कलमानुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या पहिली ते आठवीच्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला या कारणाने नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. ‘दाखला नाही म्हणून प्रवेश नाही’ हाही एक नको असलेला बाणच आहे. तो पुसणे अनेकदा आपल्याच हाती असते.

हौद्याचा क्रम

आता जागेच्या क्रमाकडे वळू. ट्रकच्या हौद्याला दार एकच, मागच्या बाजूला. जे प्रथम चढते ते सर्वांत आत जाते आणि सर्वांत शेवटी उतरते. जे शेवटी चढते ते प्रथम उतरते. पंगतीच्या ताटांची चळतही अशीच असते. वरचे ताट शेवटी ठेवलेले आणि प्रथम उचलले जाणारे. संगणकशास्त्रात माहिती साठवण्याच्या या रचनेला ‘स्टॅक’ म्हणतात.

नियम सोपा आहे, पण सकाळी हमाल दारात उभे असताना आपण नेमके उलटे वागतो. जे लगेच लागणार ते महत्त्वाचे वाटते, म्हणून ते आधी चढवून मोकळे होतो. खरा प्रश्न असा विचारायला हवा : नव्या घरात पहिल्या रात्री सर्वांत आधी काय लागेल? तेथून उलटे यायचे. झोपायच्या गाद्या, एक पातेले, चार ताटे, बादली, बल्ब, हातोडी-पक्कड आणि खोकी उघडायला सुरी यांचे ‘पहिल्या रात्रीचे खोके’ करावे आणि ते सर्वांत शेवटी चढवावे. पुस्तके, हिवाळ्याची पांघरुणे, सणावारी लागणारी भांडी सर्वांत आत. खोक्यावर ‘इतर’ असे कधीही लिहू नये. आत काय आहे यापेक्षा नव्या घरात ते कोणत्या खोलीत जाणार आणि केव्हा उघडायचे, हे लिहिणे अधिक उपयोगी.

काही वस्तू या चळतीत घालायच्याच नसतात. औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, दाखले, करार, व्हाउचर आणि चष्मा आपल्या हातातल्या पिशवीत. इन्सुलिनचे तर आणखी एक कारण आहे. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात आणि त्या गोठू द्यायच्या नसतात. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, पण ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २५ ते ३० अंश. मे महिन्यातील नागपूर नव्हे. तेथे पारा ४० अंशांवर असतो आणि उन्हात उभ्या ट्रकचा पत्रा त्याहून तापतो. आणि फ्रिजवर पहिल्या रात्री विसंबता येत नाही. प्रवासात तो आडवा झाला असेल तर कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत शिरते. फ्रिज सुरू करण्यापूर्वी ते परत खाली येण्यासाठी तो काही तास उभा ठेवावा लागतो. नकाशात अशीही कामे येतात की ज्यांत करायचे काहीच नसते, फक्त थांबायचे असते. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरातील कुपी मातीच्या लहान मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर नेली. पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते आणि नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. जादा कुप्या मागे ठेवल्या आणि नागपुरात नवीन घेतल्या. चिठ्ठी हातात होतीच.

मोठे आधी, लहान नंतर

खोकी भरण्यालाही क्रम असतो. प्रथम वजनाचे पाहू. ४५ × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ सुमारे ४० लिटर असते. पुस्तकांची घनता दर घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅम धरली तरी ते भरून २८ किलोचे होईल. ते जिन्यावरून नेणाऱ्याची पाठ दुखेल आणि खोक्याचा तळ सुटेल. म्हणून पुस्तकांना लहान खोके आणि उशांना मोठे.

समजा, एका खोक्यात १५ किलोच माल भरायचा असे ठरवले, आणि पुस्तकांचे गठ्ठे ३, ४, ३, ५, ५, ७, ८ आणि १० किलोचे आहेत. एकूण वजन ४५ किलो, म्हणजे निदान ३ खोकी हवीत. हाताला येतील तसे, याच क्रमाने, ज्या पहिल्या खोक्यात मावेल त्यात टाकत गेलो तर काय होते पाहा. पहिल्यात ३, ४, ३ आणि ५. दुसऱ्यात ५ आणि ७. तिसऱ्यात ८. दहाचा गठ्ठा कोठेच मावत नाही, त्याला चौथे खोके. आता मोठ्यापासून सुरुवात करा. १० पहिल्यात, ८ आणि ७ दुसऱ्यात, ५ पहिल्यात. उरलेले ५, ४, ३ आणि ३ तिसऱ्यात. तिन्ही खोकी काठोकाठ भरली. मोठ्या वस्तू आधी ठेवल्या की राहिलेल्या फटींत लहान वस्तू बसतात. लहान वस्तू आधी ठेवल्या की मोठ्यांना जागा उरत नाही.

मग हा नियम नेहमीच सर्वोत्तम उत्तर देतो का? नाही. ७, ६, ५, ४, ४ आणि ४ किलोचे गठ्ठे घ्या. नियमाने ३ खोकी लागतात. पण ७, ४, ४ आणि ६, ५, ४ असे ठेवले तर दोनच पुरतात. सर्व प्रकारच्या सामानासाठी कमीत कमी खोकी झटपट आणि अचूक सांगणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. संगणकाने सगळ्या शक्यता तपासाव्यात म्हटले, तर ३० वस्तू १० खोक्यांत टाकण्याच्या रीती एकावर ३० शून्ये इतक्या होतात. तरीही निराश व्हायचे कारण नाही. डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३मध्ये आपल्या प्रबंधात या नियमाची हमी शोधली आणि २००७मध्ये डोशा यांनी ती अधिक नेमकी केली : ‘मोठे आधी’ या नियमाने लागणारी खोकी सर्वोत्तम संख्येच्या ११/९ पटीपेक्षा फार तर २/३ने जास्त असतात. म्हणजे ९ खोक्यांत मावू शकणाऱ्या सामानाला या नियमाने ११पेक्षा जास्त खोकी कधीच लागणार नाहीत. परिपूर्ण उत्तर मिळत नसेल तेथे किती चूक होऊ शकेल हे सांगणारा साधा नियमही विज्ञानच आहे.

दाराचे माप

जुन्या घरातून कपाट बाहेर पडले, म्हणजे ते नव्या घरात शिरेलच असे नाही. पुण्याला आलो तेव्हा आमचे लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले आणि शेवटी फळ्या सुट्या करून वर न्यावे लागले. येथेही शेवटाकडून यायला हवे होते. आधी नव्या घराचे दार, जिना आणि वळण मोजायचे, मग कपाट चढवायचे की विकायचे ते ठरवायचे.

काटकोनात वळणाऱ्या, एक मीटर रुंद बोळातून बारीक बांबू आडवा न्यायचा असेल, तर तो जास्तीत जास्त २.८३ मीटर लांबीचा चालतो. वळणात ४५ अंशांत धरलेल्या बांबूचा विचार केला की हे पायथागोरसच्या प्रमेयावरून निघते. पण बांबूऐवजी रुंदी असलेली वस्तू घेतली की प्रश्न बिकट होतो. अशा बोळातून सरकवत नेता येईल असा मोठ्यात मोठ्या क्षेत्रफळाचा सोफा कोणता, हा प्रश्न लिओ मोझर यांनी १९६६ साली विचारला. १९९२ साली जोसेफ गर्व्हर यांनी सुमारे २.२१९५ चौरस मीटरचा एक आकार दाखवला. याहून मोठा आकार असूच शकत नाही, अशी सिद्धता जिनऑन बेक यांनी २०२४ साली मांडली. हमालांना रोज पडणाऱ्या प्रश्नाने गणितज्ञांची अठ्ठावन्न वर्षे घेतली!

वर्गात करून पाहण्यासाठी

सहल, स्नेहसंमेलन किंवा विज्ञान प्रदर्शन यांपैकी एक उपक्रम घ्या. विद्यार्थ्यांचे गट करून कामांच्या चिठ्ठ्या लिहायला सांगा. दिवस आणि ‘याच्या आधी काय?’ हे दोन्ही हवे. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून सुतळीने बाण दाखवा. सुरुवातीपासून पुढे आणि शेवटापासून मागे असे दोनदा मोजा. सवड शून्य असलेली कामे लाल खडूने रंगवा. मग प्रत्येक बाणापाशी थांबून विचारा : गरजेचा की सवयीचा? या शेवटच्या प्रश्नावर मुले मोठ्या माणसांपेक्षा चांगले बोलतात, कारण त्यांच्या सवयी अजून पक्क्या झालेल्या नसतात.

एक सावधगिरीची सूचना. नकाशा म्हणजे भविष्य नव्हे. त्यातील आकडे अंदाज असतात. आमचा ट्रक वाटेत बिघडला आणि १८ऐवजी १९व्या दिवशी पोहोचला. घरात खाट नव्हती, भांडी नव्हती. पण ट्रकला दोन दिवसांची सवड असल्याने पुढचे एकही काम अडले नाही. शेजाऱ्यांनी सतरंजी आणि पिठले-भाकरी दिली. रात्री आठ वाजता आईने पिशवीतले मडके काढले, इन्सुलिन घेतले आणि रिकाम्या खोलीभर नजर फिरवून म्हणाली, “या वेळी सामान काहीच आलं नाही; पण लागतं तेवढं सगळं आलं.”

गॅस विसाव्या दिवशी पेटला. दूध उतू घालण्याचा मान, तो जादा बाण पुसल्याबद्दल, मुलीला देण्यात आला.